एक सायकल पुरते की जास्त हव्यात?

तुमच्याकडे एक हायब्रिड, म्हणजे रोडबाईक आणि डोंगरवाटांची सायकल यांच्या मधली सायकल, आहे. रोजचं ऑफिस तिच्यावर आणि रविवारचा सिंहगडही तिच्यावरच. आता अरुंद टायरची, वेगाने पळणारी रोडबाईक घ्यावीशी वाटतेय, बायको म्हणतेय आहे ती पुरे, आणि जास्त सायकली ठेवणारे पुढे पस्तावतात का, असं तुम्ही विचारलंय. मी पाचापर्यंत गेलो होतो. पाचावर धारण बसणे म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. सध्या दोन आहेत.

एका जुलैतली गोष्ट. सकाळी आठला पार्किंगमध्ये उतरलो. रोडबाईकची दोन्ही चाकं बसलेली. एमटीबीची, म्हणजे डोंगरवाटांच्या सायकलची, चेन गंजून तांबडी, पायडल फिरवलं की करकर. घडीची सायकल तशी बरी होती, पण तिचा मागचा ब्रेक मीच महिन्यापूर्वी उघडून ठेवला होता. हायब्रिड पंक्चर, आणि बाबांच्या जुन्या काळ्या सायकलची व्हॉल्वट्यूब कुजलेली. पाच सायकलींचा धनी भर पावसात कोपऱ्यावर रिक्षा शोधत उभा. तेवढ्यात आमचा पेपरवाला कॅरिअरवर प्लॅस्टिकने झाकलेला गठ्ठा बांधून त्याच्या एकुलत्या एक सायकलवरून गेला. तो हसला की मला तसं वाटलं, कोण जाणे.

उभी सायकल खराब होते, हे दुकानात कुणी सांगत नाही. हवा आपोआप झिरपते. रोडबाईकच्या अरुंद टायरला ८०-९० पीएसआय इतका हवेचा दाब लागतो, म्हणजे दर आठवड्याला पंप आलाच. हवा गेलेल्या टायरवर महिनोन्महिने वजन राहिलं की कडेला चिरा पडतात. एक्सलमधलं ग्रीस सुकतं, ब्रेकची रबरं कडक होतात. त्यात प्रत्येकीचं सामान निराळं. माझ्या एमटीबीला मोटरसायकलसारखा व्हॉल्व, रोडबाईकला बारीक प्रेस्टा, बाबांच्या सायकलला रबरी नळीवाला. टायरची तर कमालच. बाबांच्या टायरवर २८ लिहिलेलं आणि रोडबाईक-हायब्रिडच्या ७०० सी मापाच्या टायरवरही बरेचदा २८ इंच छापलेलं असतं. पण टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास पहिल्याचा ६३५ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२२. मी आकडा बघून टायर आणला आणि पाऊण तास अंगठे सोलून घेतले. दुकानदाराने तो परत घेतला, पण ज्या नजरेने घेतला ती अजून आठवते.

सायकलवाल्यांत एक विनोद चालतो: किती सायकली असाव्यात? आहेत त्याहून एक जास्त. मी तो फार मनावर घेतला. एमटीबी घेतली मुळशीकडच्या मातीच्या वाटांसाठी; चार वर्षांत तिकडे तीनदा गेलो. घडीची घेतली रेल्वेतून मुंबईला न्यायची म्हणून. ती एकदाही गाडीत चढली नाही. संग्राहकाची गोष्ट वेगळी. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धातली पॅराट्रूपर सैनिकांची बीएसए घडीची सायकलसुद्धा बघायला मिळते. जरूर जाऊन या. पण ती जपायला आयुष्य द्यावं लागतं. आपल्याला रविवारची दुपारसुद्धा जड जाते.

आता तुमचं. रोडबाईक घेतलीत तरी हायब्रिड सुटणार नाही, कारण बहुतेक रोडबाईकना नीट मडगार्ड बसत नाही आणि पावसाळ्यात पाठीवर चिखलाची रेघ घेऊन तुम्ही ऑफिसात शिरणार नाही. त्यापेक्षा हायब्रिडच्या रिमला बसत असतील तर आधी ३२ मिलिमीटर रुंदीचे गुळगुळीत टायर घाला. खर्च रोडबाईकच्या पासंगालाही पुरणार नाही आणि डांबरी रस्त्यावर फरक लगेच कळतो. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची म्हणून रोडबाईक हवी असेल, तर २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. मी ती हायब्रिडवर केली आहे. शेवटी पोचणाऱ्यांत होतो, पण वेळेत.

दुसरी सायकल ठेवायचं एक कारण मला पटतं. पहिली ओव्हरऑइलिंगला टाकली की हाताशी काहीतरी हवं. माझ्याकडे त्यासाठी बाबांची काळी आहे. एके काळी पुण्यात सायकलला कर असायचा आणि तो भरला की बिल्ला मिळायचा. तो बाबांनी शेवटपर्यंत काढला नाही, मीही काढत नाही. दळण आणि भाजी तिच्यावरच येते, त्यामुळे आता तिच्यात हवा असते.

बायकोशी वाद घालण्याआधी तीन महिने एक वही ठेवा. ज्या दिवशी हायब्रिड खरोखर नडली, त्या दिवसाची तारीख लिहा. रोडबाईक विकावी की नाही या घोळात मीही तिला हात न लावता अशी वही ठेवली होती. तीन महिन्यांत दोनच तारखा पडल्या, आणि त्यातल्या एका दिवशी नडले होते ते माझे गुडघे.