माथेरानला आई-बाबांचं स्पेशल लंच

अरे, आई-बाबांना माथेरानच्या रिसॉर्टमध्ये जेवायला नेतोयस तर तिथे आधी फोन कर, बऱ्याच ठिकाणी जेवण राहणाऱ्यांपुरतंच असतं, मग बाहेरच्यांना घेतात का, बुफे आहे की ऑर्डर द्यायची, किती वाजेपर्यंत, सगळं विचारून घे. गाडी गावाबाहेर दस्तुरी नाक्यालाच राहते, पुढे अमन लॉज स्टेशनवरून माथेरानपर्यंतची शटल ट्रेन पकड, बाबांचे गुडघे लाल मातीत कशाला झिजवायचे. पावसाळ्यात नेरळहून येणारी मिनी ट्रेन बंद असते, शटल चालू असते, पण धुक्यात दरी दिसेलच असं नाही हां. टेबल व्हरांड्यातलं माग, फक्त केक आत काप, माकडं मेणबत्ती विझायचीही वाट बघत नाहीत, खोक्यासकट नेतात 😄 आणि परतीच्या शटलची वेळ जेवायला बसण्याआधीच बघून ठेव.