यूकेत नर्स म्हणून येतेयस ना, मग आधी कंबरेचं बोलू

ऑर्थो वॉर्डात सहा वर्षं काढलीस, एनएचएसची (इथली सरकारी आरोग्यसेवा) ऑफर हातात आहे, कंबर आत्ताच कुरकुर करते आणि तुला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तिथे वॉर्डबॉय नसतात तर पेशंट उचलायचे कोणी, सुई टोचली तर काय, आणि दुखापत झाली तर व्हिसा जातो का. मी इंग्लंडमधल्या एका एनएचएस हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डवर आहे, तेव्हा तिथलंच सांगते. खासगी नर्सिंग होमचा कारभार वेगळा असतो.

उचलायचं कोणी? कोणीच नाही. थट्टा नाही करत. इथे मॅन्युअल हँडलिंगचे, म्हणजे हातांनी उचलण्या-सरकवण्याचे, 1992 चे नियम आहेत. धोक्याचं उचलणं शक्य तिथे टाळायचं, टळत नसेल तर जोखीम तपासायची आणि कमी करायची, ही जबाबदारी नोकरी देणाऱ्याची. इथल्या एचएसई या सुरक्षा खात्याचा ढोबळ आकडा असा: वस्तू कमरेच्या उंचीवर, अंगालगत धरली तर बाईसाठी 16 किलो, पुरुषासाठी 25. हात लांब गेले किंवा वाकावं लागलं की आकडा भराभर उतरतो. आता सत्तर किलोच्या माणसाचा नुसता एक पाय दहा-बारा किलोच्या घरात जातो, तर अख्खा माणूस उचलण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून होइस्ट (पेशंटला झोळीत घेऊन उचलणारं यंत्र), स्टँड एड (उभं राहायला मदत करणारं साधन), पॅट स्लाइड (एका बेडवरून दुसऱ्यावर सरकवायची फळी) आणि सगळ्यात जास्त हाताळशील ती स्लाइड शीट.

स्लाइड शीट म्हणजे बुळबुळीत कापड. खाली घसरलेल्या पेशंटला वर घ्यायचं असेल तर त्याला कुशीवर वळवून कापडाच्या दोन थरांची गुंडाळी पाठीशी सरकवायची, दुसऱ्या कुशीवर वळवून ती पलीकडून ओढून घ्यायची. बेडचे ब्रेक लावलेले, डोक्याकडची बाजू सपाट, आणि बेडची उंची दोघींतल्या बुटक्या नर्सच्या कमरेला येईल इतकी. एक पाय पुढे, एक मागे. 'रेडी, स्टेडी, स्लाइड' म्हटलं की हातांनी ओढायचं नाही, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचा. आणि काम झालं की कापड लगेच काढायचं. राहिलं तर तोच पेशंट बेडवरून सरकून जमिनीवर येतो.

तुला सवयी मोडायला जड जाईल अशा दोन जागा आहेत. काखेत हात घालून पेशंटला वर खेचणं इथे बंद आहे. त्यात तुझी कंबर जाते आणि त्याचा खांदा. दुसरी जागा म्हणजे पडणारा पेशंट. आपला हात आपोआप पुढे जातो. इथे ट्रेनिंगमध्ये स्पष्ट सांगतात की पडणाऱ्याचा भार अंगावर झेलायचा नाही. जवळच असलीस आणि तुला धोका नसेल तर फार तर आधार देत खाली सरकू द्यायचं. मग कुठे मार लागलाय ते तपासायचं, डोकं, मान, खुबा बघायचा, आणि उठवायला हवेने फुगणारी गादी किंवा होइस्ट आणायचा. चौघांनी चादरीत धरून उचलायचं नाही. पहिल्यांदा हे निर्दयपणाचं वाटतं. मला आजही पुरतं पटतं असं नाही, पण अशा झेलण्यातून पाठ कायमची गेलेल्या बायका पाहिल्यात, म्हणून नियम पाळते.

आता कागदावर नसलेली बाजू. होइस्टची बॅटरी उतरलेली असते, पेशंटच्या मापाची स्लिंग, म्हणजे होइस्टची झोळी, सापडत नाही, रात्री वॉर्डात माणसं कमी असतात आणि कोणीतरी म्हणतं, 'चल, पटकन दोघी मिळून करू.' नवीन, त्यात परदेशातून आलेली नर्स इथे हमखास मान डोलावते. डोलावू नकोस. 'आय नीड द होइस्ट फॉर दिस' एवढं शांतपणे म्हणायचं आणि थांबायचं. कोणी रागावत नाही. रागावलं तरी ते बोलणं टिकत नाही, कारण नियम तुझ्या बाजूने आहे. मग वॉर्डच्या कॉम्प्युटरवर घटना नोंदवायची. बऱ्याच ठिकाणी त्याला अजूनही 'डेटिक्स भरणं' म्हणतात. दुखापत झाली नाही, नुसती होता होता टळली, तरी भरायचं. 'उगाच कशाला तक्रार' ही आपली बुद्धी इथे नडते. सहा महिन्यांनी कंबर धरली की पहिला प्रश्न येतो, तेव्हा नोंद केली होती का?

माणसं उचलणाऱ्या होइस्टची तपासणी दर सहा महिन्यांनी व्हावी लागते. वापरण्याआधी त्याच्यावरच्या स्टिकरची तारीख बघायची सवय लावून घे.

सुईचं. 2013 च्या नियमांनी सुईवर परत टोपण चढवणं जवळपास बंद केलं आहे, आणि जमेल तिथे आपोआप झाकणाऱ्या सुया द्याव्या लागतात. शार्प्सचा डबा पेशंटजवळ न्यायचा, वापरलेली सुई हातात घेऊन वॉर्डभर चालायचं नाही. तरीही टोचली तर रक्त वाहू द्यायचं, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. घासायचं नाही, चोखायचं तर नाहीच. इन्चार्जला सांगून लगेच ऑक्युपेशनल हेल्थ (कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा विभाग), आणि ते बंद असेल तर इमर्जन्सी विभाग. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागणार असतील तर जितकी लवकर तितकी बरी, शक्यतो 24 तासांत, 72 तासांनंतर सहसा देत नाहीत. 'शिफ्ट संपल्यावर बघू' हे चालत नाही. घाबरू मात्र नकोस. एचआयव्ही असलेल्याच्या रक्ताची सुई टोचली आणि औषध घेतलं नाही, तरी लागण होण्याचा धोका सुमारे 0.3 टक्के असतो. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका त्याच्या कितीतरी पट, म्हणून लसीचे दाखले आणि अँटीबॉडी टायटरचा रिपोर्ट तिथूनच घेऊन ये. आणि पेशंटचं रक्त तपासायची परवानगी तू स्वतः मागायची नाही, ते दुसरं कोणी विचारतं.

डेलिरियम (आजारपणात अचानक येणारा भ्रम) किंवा डिमेन्शियातला (स्मृतिभ्रंश) पेशंट मनगट धरतो, चावतो, मारतो. ते आजाराचं असलं तरी 'चालायचंच' म्हणून सोडायचं नाही, त्याचीही नोंद. शुद्धीतल्या माणसाने हात उचलला तर 2018 चा वेगळा कायदा आहे, एनएचएसचे कर्मचारी त्यात येतात.

व्हिसाची भीती सगळ्यांनाच असते. दुखापत नोंदवली म्हणून व्हिसा रद्द होत नाही. महिन्याहून जास्त बिनपगारी सुट्टीवर स्पॉन्सरशिपची (हॉस्पिटलने व्हिसासाठी घेतलेली जबाबदारी) अडचण येते खरी, पण आजारपणाची रजा त्यातून वगळलेली आहे. नोकरीच गेली तर मात्र नवा स्पॉन्सर शोधायला साधारण 60 दिवस मिळतात. पैशांचं सांगायचं तर एनएचएसमध्ये पहिल्या वर्षी आजारपणात एक महिना पूर्ण पगार, आणि पुढचे दोन महिने अर्धा. दुखापत कामामुळे झाली हे मान्य झालं आणि पगार घटला तर 12 महिन्यांपर्यंत तो 85 टक्क्यांपर्यंत भरून देतात. तो भत्ता आपणहून कोणी आणून देत नाही, मागावा लागतो, आणि पुरावा म्हणून ती डेटिक्सची नोंदच लागते. सात दिवसांहून जास्त काळ नेहमीचं काम करता आलं नाही तर हॉस्पिटलला ते एचएसईला कळवावं लागतं. युनियनची सभासद पहिल्याच महिन्यात हो. घटना घडून गेल्यावर नाव नोंदवलं तर त्या घटनेसाठी सहसा मदत मिळत नाही.

आठवड्याला सरासरी 48 तासांची मर्यादा सोडून देण्याच्या कागदावर सही मागतील. ती ऐच्छिक आहे. बँक शिफ्टचे, म्हणजे मूळ नोकरीवरच्या जादा पाळ्यांचे, पैसे दिसायला छान दिसतात, पण तुझ्या कंबरेला आधी मूळ नोकरी झेपू दे.

आणि ती कंबर लपवू नकोस. ऑफरनंतर ऑक्युपेशनल हेल्थचा फॉर्म येईल, त्यात जुनं दुखणं स्पष्ट लिही: कधीपासून, कशाने वाढतं, काय उपचार झाले. फिजिओची चिठ्ठी किंवा एमआरआय असेल तर प्रत जोड. दीर्घकाळचं दुखणं असेल तर कामात योग्य ते बदल मागण्याचा हक्क 2010 च्या समानता कायद्याने मिळू शकतो, पण ज्यांना माहीतच नाही ते बदल करणार कसे? ट्रॉमा ऑर्थोऐवजी ओपीडी किंवा डे केसचा वॉर्ड मिळतो का, हेही आत्ताच रिक्रूटमेंटवाल्यांना विचार, विमानात बसल्यावर नको. फॉर्ममध्ये कुठे अडलीस तर तो प्रश्न जसाच्या तसा इथे लिही, मी बघते.