मायक्रोस्कोपखाली ठेवलेल्या पेशी वीस मिनिटांत का मरतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे. हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींतली मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा देणारे भाग) हिरव्या डायनं, म्हणजे चमकणाऱ्या रंगानं, रंगवून फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपखाली दर १० सेकंदांनी फोटो घेता. १५-२० मिनिटांत मायटोकाँड्रियाच्या धाग्यांचे मणी होतात, पेशीवर फोड येतात. इन्क्युबेटरमधली जोडीची डिश मात्र ठणठणीत. गाईड म्हणतात तापमान बघा, पण ते ३७ आहे. प्रकाशानं खरंच पेशी मरते का? आणि हुडमधल्या (पेशी हाताळायच्या कपाटातल्या) यूव्हीचा डोळ्यांना धोका किती?

प्रकाशानं मरते. तापमानाचा पिच्छा सोडा. तुम्ही वापरता तो निळा प्रकाश पाणी जवळपास शोषतच नाही, त्यामुळे डिश त्यानं तापत नाही. प्रकाश शोषणारे रेणू पेशीत मोजकेच असतात आणि नुकसान त्यांच्यापासून सुरू होतं.

यूव्हीचं काम सरळ असतं. २६० नॅनोमीटरच्या आसपास डीएनए स्वतःच प्रकाश शोषतो आणि शेजारशेजारचे दोन थायमीन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात. ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश डीएनएला दिसतही नाही. तो पकडतात फ्लेविन (रायबोफ्लेविनचं कुटुंब, ४५० च्या आसपास जोरात शोषणारं), ४०० जवळ पॉर्फिरिन (रक्तातल्या हीमच्या कुळातले रेणू), आणि सगळ्यात जास्त तुम्ही घातलेला डाय. उत्तेजित झालेला रेणू ऊर्जा बाहेर टाकून चमकला तर ठीक. पण काही रेणू वाकड्या वाटेनं जातात आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देतात. त्यातून तयार होणारा सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं चिडलेलं रूप) पाण्यात जेमतेम ३-४ मायक्रोसेकंद टिकतो, फार लांब जात नाही. जिथे जन्मतो तिथलंच जाळतो. तुमचा डाय मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यात बसलेला आहे, म्हणून पहिला घाव तिथेच पडला. ही गोष्ट जुनी आहे. म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसलं, की ॲक्रिडीन नावाच्या रसायनाच्या त्याच द्रावणात पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरतात आणि अंधारात तगतात. त्यानं ते १९०० साली छापलं.

आता हिशेब करू, कारण 'लाइट तर कमीच ठेवलाय' हे वाक्य या विषयात सगळ्यात फसवं आहे. बडोद्याच्या भर दुपारच्या उन्हात दर चौरस सेंटीमीटरला साधारण ०.१ वॅट पडतो. तुमच्या सॅम्पलवर ५ मिलिवॅट पडतात आणि ते २०० मायक्रॉन व्यासाच्या गोलात आहेत असं धरा. तो होतो दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १६ वॅट, म्हणजे १६० सूर्य. कॉन्फोकलमध्ये (लेसरचा ठिपका फिरवून चित्र घेणाऱ्या मायक्रोस्कोपमध्ये) अवघे १०० मायक्रोवॅट अर्ध्या मायक्रॉनच्या ठिपक्यात आले, की आकडा पाच लाख सूर्यांवर जातो. तो ठिपका एका जागी क्षणभरच थांबतो, म्हणून निभावतं.

म्हणून आधी वेळ मोजा. दर १० सेकंदांना एक फोटो, २० मिनिटं, म्हणजे १२० फोटो. एक्सपोजर २०० मिलिसेकंद असेल तर पेशीवर एकूण २४ सेकंद प्रकाश पडायला हवा. पण शटर सॉफ्टवेअरच्या आज्ञेवर चालत असेल, तर कॅमेरा २०० मिलिसेकंद बघतो आणि शटर आळसावल्यासारखं अर्धा सेकंद उघडं राहतं; २४ चे ६० सेकंद झाले. आणि 'फोटोंच्या मध्ये शटर बंद' ही खूण राहून गेली असेल तर १२०० सेकंद, पन्नास पट. माझा पहिला संशय इथेच आहे. खोलीत अंधार करा, ऑब्जेक्टिव्हच्या (डिशजवळच्या भिंगाच्या) वर पांढरा कागद धरा, प्रयोग नुसता चालवून बघा आणि निळा ठिपका किती वेळ दिसतो ते डोळ्यांनी मोजा (बघायचं कागदाकडे, ऑब्जेक्टिव्हमध्ये नाही). कॅमेऱ्याची ट्रिगर वायर थेट एलईडीला जोडता आली तर हा प्रश्नच मिटतो. एका फोटोऐवजी १५ पातळ्यांचा झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरच्या फोटोंची चळत) घेत असाल, तर सगळं गुणिले १५, कारण प्रत्येक पातळीच्या वेळी पेशीची पूर्ण जाडी उजळते.

दुसरा गुन्हा फोकस शोधताना होतो. मर्क्युरी लॅम्प पूर्ण उघडा ठेवून, आयपीसमधून पाहत, छानशी पेशी हुडकत पाच मिनिटं घालवली तर प्रयोग सुरू व्हायच्या आधीच संपलेला असतो. त्या लॅम्पला ३६५, ४०५ आणि ४३६ नॅनोमीटरवर तीव्र रेषा असतात. शटर उघडं ठेवून फिल्टर क्यूब (प्रकाशाचा रंग निवडणारा ठोकळा) फिरवलात आणि वाटेत डॅपीचा (यूव्हीनं उजळणाऱ्या डायचा) क्यूब आला की पेशीला यूव्हीचा फटका बसतो. पेशी शोधायची ती साध्या फेज कॉन्ट्रास्टमध्ये, वरून येणाऱ्या उजेडात, जमल्यास त्यावर लाल फिल्टर टाकून.

नंतर प्रकाश उतरवा. १० टक्के ताकद आणि लांब एक्सपोजर हे १०० टक्के आणि छोट्या एक्सपोजरपेक्षा बहुधा पेशीला सोसतं, एकूण प्रकाश तेवढाच असला तरी. कॅमेऱ्यावर २×२ बिनिंग (चार पिक्सेल मिळून एक) लावा. ०.७५ एनएचं (एनए म्हणजे भिंगाची प्रकाश गोळा करायची ताकद) कोरडं ४०एक्स वापरत असाल तर १.३ एनएचं ऑइलवालं मागा. ते जवळपास तिप्पट प्रकाश गोळा करतं. चित्र जरा कणीदार आलं तर येऊ द्या. मायटोकाँड्रियाची हालचाल मोजायला कॅलेंडरसारखा फोटो लागत नाही. अशा डायच्या प्रमाणासाठी साधारण २० ते २०० नॅनोमोलरची पट्टी सांगितलेली असते. २० पासून सुरुवात करा. ६४० नॅनोमीटरवर उत्तेजित होणारा डाय मिळाला तर फ्लेविन वाटेतून बाजूला होतात, पण डाय स्वतः ऑक्सिजन बिघडवू शकतो, तेव्हा निर्धास्त राहू नका.

मीडियमबद्दल (पेशी ज्या पोषक द्रवात राहतात त्याबद्दल) तुम्ही काही लिहिलेलं नाही. स्टेजवर कार्बन डायऑक्साइड नाही म्हणून डीएमईएम या नेहमीच्या मीडियममध्ये आम्लता स्थिर ठेवणारं हेपीस घातलंय का? डीएमईएममध्ये लिटरला ०.४ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन असतं; रायबोफ्लेविन, हेपीस आणि उजेड एकत्र आले की हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, अगदी खिडकीतल्या उजेडातही. परीक्षा सोपी आहे: पेशी नसलेलं मीडियम दोन-तीन तास खिडकीत ठेवा, मग अंधारातल्या ताज्या पेशींना घाला. त्या मेल्या तर दोषी मीडियम. बाटलीला फॉइल गुंडाळा, इमेजिंगला फिनॉल रेड हा रंग आणि रायबोफ्लेविन नसलेलं मीडियम घ्या, १ मिलिमोलर सोडियम पायरुव्हेट घाला. ते पेरॉक्साइड खातं. मात्र तुमचा प्रोजेक्टच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर (अशाच ऑक्सिजनजन्य नुकसानीवर) असेल तर पायरुव्हेट किंवा ट्रोलॉक्स (एक अँटिऑक्सिडंट) घालणं म्हणजे मोजायचीच गोष्ट पुसणं.

गाईडना पटवायला चार डिश लागतील: डाय आणि प्रकाश दोन्ही नाही, फक्त डाय, फक्त प्रकाश, दोन्ही. चारही पुन्हा इन्क्युबेटरमध्ये ठेवून २४ तासांनी मोजा, किती पेशींचं विभाजन झालं ते. लगेच बघून चालत नाही. उत्तरायणला दिवसभर पतंग उडवून मान लाल होते ती संध्याकाळनंतर, गच्चीवर असताना नाही. पेशीचंही तसंच, घाव आत्ता, परिणाम उशिरा. मायक्रोस्कोपखाली धडधाकट दिसलेली पेशी विभाजनाच्या दारात तासन् तास अडकून बसते, आणि डाय अजून उजळ आहे म्हणून ती सुखरूप आहे असं होत नाही.

हुडच्या यूव्हीचं उत्तर यातच आलं. ती ट्यूब २५४ नॅनोमीटरची, डीएनए शोषतो त्याच पट्ट्यातली. ती बुबुळाच्या वरच्या पातळ थराला भाजते आणि दुखणं साधारण ६ ते १२ तासांनी, म्हणजे रात्री झोपेत सुरू होतं: डोळ्यांत वाळू गेल्यासारखं, पाणी, उजेड सहन न होणं. वेल्डिंगवाल्यांचं डोळे येणं ते हेच. हुडची काच हा प्रकाश अडवते, पण काच वर सरकवून ट्यूब चालू ठेवली की अडवायला काही उरत नाही, आणि चष्मा बाजूनं उघडाच असतो. ट्यूब बंद करा, मगच काच उचला. असं दुखणं झालंच तर डोळे चोळू नका, कॉन्टॅक्ट लेन्स काढून टाका आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. बधिर करणारे थेंब घरी स्वतःहून घालू नका, त्यांनी जखम भरायला उशीर लागतो.