कोल्हापूर: पाळी दोन दिवस चुकली, पण घरची टेस्ट निगेटिव्ह आली. तरी दिवस गेलेले असू शकतात का?

हो, असू शकतात. स्त्रीबीज सुटल्यावर जेमतेम २४ तास टिकतं आणि फलन गर्भनलिकेतच होतं. तिथून गर्भ हळूहळू गर्भाशयात उतरतो, आणि रुजायला फलनानंतर साधारण ६ ते १० दिवस लागतात. टेस्ट ज्या एचसीजीवर (गरोदरपणातल्या हार्मोनवर) चालते ते रक्तात येतं रुजल्यानंतरच. सुरुवातीला ते दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं, म्हणून आजची निगेटिव्ह पट्टी तीन दिवसांनी पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यात या महिन्यात बीज उशिरा सुटलं असेल, तर तुमची 'चुकलेली' पाळी खरं तर चुकलेलीच नाही!

सकाळची पहिली लघवी घ्या. आदल्या रात्री भरपूर पाणी प्यायलात तर ती पातळ होते आणि रेघ उमटत नाही. किटवर दिलेल्या वेळेतच बघा, साधारण ५ मिनिटं. अर्ध्या तासानंतरची करडी रेघ धरू नका. मेडिकलमधून किट आणायला संकोच वाटत असेल तर आशाताईंकडे 'निश्चय' किट मिळतं का विचारा.

आठवड्याने पुन्हा निगेटिव्ह आणि पाळीही नाही, तर रक्तातलं बीटा एचसीजी तपासा.

मात्र एका बाजूला पोटात जोरात दुखणं, खांदा दुखणं, चक्कर किंवा रक्तस्राव असेल तर टेस्ट काहीही सांगो, थांबू नका. गर्भ नलिकेतच रुजलेला असू शकतो आणि नलिका फुटली तर जिवावर बेततं. रात्र असली तरी थेट सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) गाठा.