खेळणी नकोत, पगार दे

चि. (नाव मुद्दाम लिहीत नाही, हे पत्र आणखी दोघातिघांना वाचायला देणार आहे),

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. नोकरी सोडून आमच्या ऑटिझम असलेल्या, म्हणजे स्वमग्न मुलांच्या शाळेत पूर्णवेळ यावं का, ऑफिसातल्या मित्रांची वर्गणी काढून मुलांना टॅब घ्यावेत का, २ एप्रिलला, ऑटिझम दिनाला, सोसायटीवर निळे दिवे लावावेत का, आणि एवढं करून कुणाचं काही भलं होतं का? एका दमात सगळं विचारलंस. माझ्याकडे उत्तर एकच आहे आणि ते तुला बेचव लागणार. शिक्षिकांच्या पगाराला पैसे दे. दर महिन्याला दे. झेपतील तेवढेच दे, पण चुकवू नकोस.

आमच्या लहान गटात एक मुलगा आहे. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला दिवसाच्या कामांचा क्रम दाखवणारी एक पट्टी लावलीय आणि तिच्यावर वेलक्रोने चिकटवलेली चित्रं: दप्तर, मणी ओवणं, डबा, झोका, घर. एक काम संपलं की तो स्वतःच्या हाताने चित्र काढतो आणि ‘झालं’ लिहिलेल्या खोक्यात टाकतो. वेलक्रो सुटतानाचा तो टर्रकन आवाज त्याला हवा असतो. त्याच्या ताईंना, म्हणजे शिक्षिकेला, हे माहीत होतं. पोळीची सुरळी उलगडलेली असली की तो डब्याला हात लावत नाही, हे माहीत होतं. पंख्याकडे टक लावून बघायला लागला की थोड्याच वेळात कान झाकणार, हेही. ताई नोकरी सोडून गेल्या, फाइल राहिली. फाइलमध्ये यातलं काही नव्हतं. नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी, मदत म्हणून, ‘डबा’चं चित्र आपणच काढलं. पोरगं जमिनीवर आडवं, मनगट दातात. बाईंचा काय दोष? पण त्याला पुन्हा त्या पट्टीपाशी उभं करण्यात अख्खा पावसाळा गेला.

ताई का गेल्या ते ऐक. विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका, पुनर्वास परिषदेची नोंदणी, एवढं करून आमच्याकडे हातात पडायचं ते घरभाडं आणि रिक्षात संपायचं. शहरातल्या थेरपी सेंटरमध्ये तासावर पैसे मिळतात. बड्या शाळेत एकाच मुलाची शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्याच शेजारी बसून मदत करणारी, झालं तर त्याहून जास्त. “सेवाभाव कमी पडला,” असं एक विश्वस्त बैठकीत म्हणाले. मी विचारलं, तुमच्या घरचं दुधाचं बिल सेवाभावाने भागतं का? तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. बोलोत.

कायद्याचं म्हणशील तर १९९५च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावसुद्धा नव्हतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत बसलं. मधल्या काळात पालकांनीच हातपाय हलवले. दिल्लीत मेरी बरुआंनी १९९१ साली ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली, त्याही अशाच एका मुलाच्या आई. आता ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कागदावर आहे. पण पोराशेजारी सतरंजीवर बसायला ताई लागते, आणि तिला पगार लागतो.

कंपन्यांच्या दारात मीही जाते. मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि त्या यादीत विशेष शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. समोरचा तरुण अगदी गोड बोलतो. पगाराचा विषय निघाला की म्हणतो, “मॅडम, ते रिकरिंग होतं ना, पुन्हा पुन्हा द्यावं लागणारं!” अरे, रिकरिंगच! मूल रोज येतं.

सेन्सरी रूमचं, म्हणजे स्पर्श, उजेड, हालचाल यांतून मुलांना शांत करायच्या खोलीचं, तुझ्या कानावर आलंच असेल. एक गृहस्थ सगळा खर्च करायला तयार होते: झोपाळे, बॉल पूल, रंगीत दिवे, दारावर त्यांच्या आईचा फोटो. अट एकच, यातला पैसाही पगाराकडे वळवायचा नाही. मी खजिनदार म्हणून नाही म्हटलं. अजून मला हेकट म्हणतात. पण अशी खोली वापरायला शिकलेली आमची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आठवड्यातून दोनदाच येते, तीही निम्म्या मानधनावर. बाकीचे दिवस ती खोली कोण वापरणार होतं? दुसऱ्या एका शाळेत अशी खोली मी डोळ्यांनी पाहिलीय, बॉल पूलमध्ये मोडक्या खुर्च्या रचलेल्या. उद्या तीच देणगी त्याच अटीवर आली तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. त्यांनी पगारासाठी दिले असते तर फोटो मी स्वतः भिंतीवर टांगला असता, हार घालून.

हा हेका कुठून आला, तेही सांगते. माझा भाचाही अशाच मुलांपैकी, आता चाळिशीचा आहे. त्याच्या लहानपणी एका बालवाडीतल्या बाईंनी त्याला सांभाळलं. तो त्यांच्या पदराला धरून बसायचा, दोन-चार शब्दही बोलायला लागला होता. पैसे परवडेनात म्हणून त्यांनी दुसरीकडे नोकरी धरली. पुढच्या शाळांनी एकामागून एक हात वर केले आणि तो घरी बसला तो बसलाच. मी तेव्हा बँकेत होते, बऱ्या पगारावर. त्या बाईंना थांबवून घ्यायला महिन्याला किती लागले असते, हा हिशेब मी आता करत बसते. फार लागले नसते.

म्हणून नोकरी सोडू नकोस. तू आलास तर शिकाऊ माणूस एक वाढेल. तुझ्या पगारातून थोडे आले तर शिकलेलं माणूस टिकेल. खरंच यायचं असेल तर आधी ती पदविका कर, मग बोलू. शनिवारच्या सेवेचं म्हणशील तर तू आलास, मुलांना आवडलास, म्हणून ताईंनी तुझा फोटो शनिवारच्या पट्टीवर लावला. मग तुझ्या ऑफिसातल्या कामाचं रिलीज आलं आणि तू फिरकला नाहीस. फोटो पट्टीवर, माणूस नाही, हे त्या मुलांना कसं समजवायचं? रागावत नाही. पण येणार असशील तर वर्षभर ये, नाहीतर नको.

वाढदिवस शाळेत करायचाही हट्ट नको. फुगे फुटतात, टाळ्या वाजतात, निम्मा वर्ग टेबलाखाली जातो. मोठ्या मुलांनी रंगवलेल्या पणत्या घ्यायच्या असतील तर जरूर घे, पण रंग चांगला लागलाय का ते बघून घे. दया म्हणून घेतलेल्या पणत्या माळ्यावर जातात, आणि पुढच्या दिवाळीला ऑर्डर येत नाही.

करसवलतीचं: जुन्या करप्रणालीत असशील तर आयकरात देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही. २००० रुपयांच्या वर रोख दिलेस तर जुन्यातही नाही. तेव्हा बँकेतूनच ऑटो डेबिट लाव, ५ तारखेच्या आत, आणि पॅन नंबर कळव, दाखल्याला लागतो.

जोशात मोठा आकडा सांगू नकोस. लग्न ठरलं, घराचा हप्ता सुरू झाला, तरी देता येईल असा सांग. आणि मे महिना वगळू नकोस. शाळेला सुट्टी असते म्हणून लोक मे सोडतात. ताईंचं घर मे महिन्यातही चालतं.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
मावशी