कुत्रा घरातच असतो, तरी हार्टवर्मची गोळी बारा महिने द्यायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून ह्यूस्टनला आणलेल्या चार वर्षांच्या लॅब्रॅडॉरला इथल्या व्हेटने हार्टवर्मसाठी, म्हणजे डासातून कुत्र्याला होणाऱ्या जंतासाठी, रक्ततपासणी आणि बारा महिने गोळी सांगितली आहे. पुण्यात हे नावही ऐकलं नव्हतं, कुत्रा घरातच असतो, मग हा पैसे काढायचा धंदा तर नाही ना? आणि पुढच्या महिन्यात आई येणार आहेत, त्यांच्याकडून आयव्हरमेक्टिन या जंताच्या औषधाच्या गोळ्या मागवाव्यात का?

धंदा नाही. हा आजार आमच्या घरात होऊन गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुण्यात ऐकलं नव्हतं यात नवल नाही. भारतात हा जंत मुख्यतः ईशान्येकडे, आसाम-मिझोरामच्या बाजूला सापडतो. पुण्यात आपण गोचीडतापाच्याच धास्तीत असतो. टेक्सासचा हा किनारी भाग मात्र हार्टवर्मचं माहेरघर आहे. पसरायला फक्त डास लागतो. विदर्भात हत्तीपाय पसरवणारा क्यूलेक्स इथेही आहे, आणि हार्टवर्म हा त्या हत्तीपायाच्या जंताचा चुलतभाऊच. कुत्रा घरात असतो म्हणता, पण डास काय बेल वाजवून येतो?

बहुतेकांचा घोटाळा होतो तो गोळीच्या कामाबद्दल. ओडोमॉससारखी ती पुढचा महिना राखण करते असं वाटतं. खरं तर ती मागचा महिना साफ करते. डासाने सोडलेली अळी कातडीखाली वाढते, ५० ते ७० दिवसांत पुढच्या अवस्थेत जाते आणि फुप्फुसाच्या धमन्यांकडे निघते. नाव हार्टवर्म असलं तरी मुक्काम बहुतेक तिथेच. गोळी मारते त्या त्याआधीच्या कोवळ्या अळ्या. एकदा ते वय उलटलं की या गोळीने तिचं फारसं वाकडं होत नाही. ऑक्टोबरातल्या चाव्याचा हिशेब नोव्हेंबरच्या गोळीने चुकता होतो. म्हणून ‘थंडीत डास नाहीत, दोन महिने सुट्टी’ हे गणित चुकतं. त्यातून ह्यूस्टनची थंडी ती केवढी! अमेरिकन हार्टवर्म सोसायटीही वर्षभर गोळी आणि दरवर्षी तपासणी सांगते.

तपासणी आधी का? रक्तात जंताची पिल्लं भरपूर असतील आणि गोळीने ती एकदम मेली, तर कुत्र्याला जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते. शिवाय ही तपासणी प्रौढ मादीचा अंश शोधते, आणि चाव्यापासून तो सापडायला साधारण सहा महिने लागतात. म्हणून आता करा आणि सहा महिन्यांनी परत करा.

आमचा बंड्या शेल्टरमधून आणला तेव्हाच पॉझिटिव्ह होता. दिसायला ठणठणीत, फक्त जिना चढला की एक कोरडी ढास. व्हेटने रक्ताचा थेंब मायक्रोस्कोपखाली दाखवला: दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळत होतं आणि लाल पेशींना ढुशा मारत होतं. ही नुसती पिल्लं. मोठी मादी २५-३० सेंटीमीटर लांब असते आणि पाच ते सात वर्षं जगते. आधी महिनाभर डॉक्सिसायक्लीन हे अँटिबायोटिक, मग थांबून मोठे जंत मारणाऱ्या मेलार्सोमीनची तीन इंजेक्शनं, कमरेच्या स्नायूत खोलवर. एक दिलं, महिन्याने दुसरं, आणि लगेच दुसऱ्या दिवशी तिसरं. हे औषध म्हणजे शेवटी सोमलच, आर्सेनिक. ते टोचल्यावर रात्रभर त्याला बसवेना, निजवेना.

पण खरा त्रास औषधाचा नाही, मेलेल्या जंतांचा. त्यांचे तुकडे फुप्फुसात अडकतात, आणि कुत्रा धावला तर जीवावर बेततं. त्यामुळे काही महिने पिंजरा, आणि शी-शूला तेवढं पट्ट्यावर बाहेर. पहिल्या इंजेक्शननंतर आठव्या दिवशी खारीमागे त्याने असा हिसका दिला की पट्टा माझ्या हातातून सुटला. दहा-बारा ढांगाच धावला असेल. संध्याकाळी ताप आणि खोकला, रात्र इमर्जन्सीत. वाचला. त्या सगळ्या बिलांत कितीतरी वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या.

आता आईंच्या सामानाबद्दल. आयव्हरमेक्टिन हेच औषध इथल्या काही गोळ्यांत असतं हे खरं, पण मात्रा बघा. हार्टवर्मसाठी महिन्याला किलोमागे ६ मायक्रोग्रॅम. तुमचा ३० किलोचा धरला तर १८० मायक्रोग्रॅम. आपल्याकडे माणसांसाठी मिळणारी गोळी १२ मिलिग्रॅमची, म्हणजे १२,००० मायक्रोग्रॅम. एका गोळीचे पासष्ट-सत्तर सारखे तुकडे करणार कसे? गुरांचं इंजेक्शन तर त्याहून वाईट. त्याच्या एका थेंबातच दोन-तीन महिन्यांचा डोस येतो. कोली जातीच्या कुत्र्यांत तर जास्त मात्रा मेंदूपर्यंत पोचते. आईंना भाजणी आणायला सांगा.

लक्षात राहत नसेल तर व्हेटकडे सहा किंवा बारा महिन्यांचं मॉक्सिडेक्टिनचं इंजेक्शनही मिळतं. आम्ही गोळी संकष्टीला देतो. दोन संकष्ट्यांत एकोणतीस-तीस दिवस, आणि सासूबाई ती तिथी चुकवू देत नाहीत. गोळीला मांसाची चव असते, त्यामुळे उपासाच्या दिवशी घरात सामिष फक्त बंड्याचं. तरी कधी चुकलीच तर आठवेल त्या दिवशी लगेच द्या, व्हेटला फोन करून किती दिवस उशीर झाला ते सांगा, आणि सहा महिन्यांनी तपासणी करून घ्या. दुप्पट गोळी मात्र देऊ नका.