मागच्या तारखेच्या करारावर सही करू का?

प्रश्न : मी मालिका लिहिते. एका निर्मिती संस्थेसाठी कन्सेप्ट नोट, बायबल (पात्रं आणि कथानक यांचा सविस्तर आराखडा) आणि पायलट (पहिला नमुना एपिसोड) मी एकटीने लिहून दिलं. वाहिनीला ते आवडलं, मालिका सुरू झाली. पुढे वर्षभर पटकथा-संवादही मीच लिहिले, मानधन दर एपिसोडमागे. कराराचं मात्र 'होईल, होईल' करत राहून गेलं. गेल्या महिन्यात मला काढून दुसरी टीम आणली. श्रेयनामावलीतून कथाकार म्हणूनही माझं नाव गेलं आणि तीन महिन्यांचं मानधन अडकलं. आता त्यांनी करार पाठवला आहे. त्यावरची तारीख मालिका सुरू होण्याआधीची आहे आणि कथेसकट सगळे हक्क सर्व माध्यमांत कायमचे त्यांचे, असं त्यात लिहिलं आहे. सही केली तरच थकबाकी मिळेल म्हणतात. काय करू?

उत्तर : या कागदावर सही करू नका.

वर्षभर ज्यांना कराराची आठवण झाली नाही, त्यांना ती आत्ताच का झाली, याचा विचार करा. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 प्रमाणे लेखनाचे हक्क दुसऱ्याच्या नावावर जायचे तर ते लेखी हवं आणि त्यावर लेखकाची सही हवी. तोंडी बोलणं झालं, पैसे दिले, एपिसोड दाखवले, एवढ्याने मालकी बदलत नाही. तुम्ही सांगता त्यावरून ती सही अजून झालेली नाही. उद्या वाहिनीने किंवा रिमेक घेणाऱ्याने 'कथेचे हक्क तुमच्याकडे कसे आले?' असं विचारलं, तर दाखवायला त्यांच्याकडे कागद नाही. मागची तारीख टाकायची घाई त्यासाठीच असावी.

'तुम्ही आमच्या पगारी होता' हा युक्तिवाद येईल. नोकरीच्या ओघात केलेल्या लेखनाची मालकी सहसा मालकाकडे जाते, हे खरं. पण तुम्ही एपिसोडमागे बिल लावत होता. तुमचा 26एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता, काढून बघा. करकपात व्यावसायिक मानधन म्हणून (आयकर कायदा, 1961 मध्ये कलम 194जे) झाली असेल, तर पगाराची गोष्ट त्यांच्याच नोंदीशी जुळणार नाही. शिवाय 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 मध्ये लेखकांच्या बाजूने एक परंतुक, म्हणजे अपवादाची तरतूद, घातलं आहे : चित्रपटात वापरलेल्या लेखनाच्या बाबतीत नोकरीचा किंवा सांगून करून घेतलेल्या कामाचा नियम लेखकाच्या हक्काला बाधा आणत नाही. 'चित्रपट' या शब्दाची कायद्यातली व्याख्या कोणत्याही दृश्यमुद्रणाला लागू पडते, त्यामुळे मालिकाही तिच्यात बसते.

आता कटू भाग. मालिका बंद पाडता येईल अशी आशा धरू नका. तुम्ही राजीखुशीने लिहून दिलं, पैसे घेतले, तेव्हा प्रसारणाला तुमची मूक परवानगी होती असं ते म्हणतील आणि त्यात तथ्य आहे. नुसत्या कल्पनेवरही हक्क नसतो. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच सांगितलं की संरक्षण कल्पनेला नाही, तिच्या मांडणीला आहे. तुमची ताकद म्हणून बायबलमध्ये आहे : पात्रं, त्यांची नाती, ट्रॅक (उपकथानकं), प्रसंगांची गुंफण. कन्सेप्ट नोट विश्वासाने दाखवली असेल तर आणखी एक आधार मिळतो. झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स या 2003 च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने गोपनीयतेच्या भंगाचा मुद्दा धरून वाहिनीविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला होता.

श्रेयाबद्दल थोडं तारतम्य ठेवा. नव्या टीमने लिहिलेल्या एपिसोडचं संवादलेखन तुमचं नाही, ते मागू नका. कथा आणि संकल्पना मात्र तुमची आहे. कलम 57 प्रमाणे कर्तृत्व सांगण्याचा हक्क मालकी दिल्यावरही लेखकाकडेच राहतो. तुम्ही लिहिलेले भाग पुन्हा दाखवले, तर तिथलं नाव काढणंही गैर.

करारात 'रॉयल्टी मागणार नाही' असं वाक्य असेल, तर ते कलम 18 पुढे टिकत नाही. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा लेखकाला सोडताच येत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटीला (लेखकांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला) देता येतो, तेवढाच अपवाद. पण 'तसंही ते रद्दच आहे' म्हणून सही करू नका; बाकीची कलमं जिवंत राहतील.

थकबाकी हा वेगळा विषय आहे आणि तो वेगळाच ठेवा. केलेल्या कामाचे पैसे नव्या सहीवर अवलंबून नाहीत. आज इतकंच कळवा : 'या एपिसोडचं मानधन देय आहे. पाठवलेला मसुदा मला मान्य नाही. आजच्या तारखेने नवा मसुदा करायचा असेल तर चर्चेला तयार आहे.' फोनवर काही मान्य करू नका. वसुलीच्या दाव्याची मुदत देय तारखेपासून तीन वर्षं, तरी इतकं थांबायचं कारण नाही. स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या सभासद असाल तर तिथल्या वादनिवारण समितीकडे तक्रार द्या. अनेक निर्माते तेवढ्याने बोलायला बसतात. तिथे स्क्रिप्टची नोंदणी केली असेल तर तो तारखेचा पुरावा होईल. मालकीसाठी नोंदणी सक्तीची नाही.

बोलणी झालीच, तर एपिसोडच्या संहिता या मालिकेपुरत्या द्या. रिमेक, दुसऱ्या भाषा आणि पात्रांवरची नवी मालिका यांचे स्वतंत्र पैसे लावा, 'कथा' हे श्रेय लिहून घ्या. मुदत आणि प्रदेश यांच्या ओळी नीट वाचा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत, म्हणून तर त्यांनी 'कायमचे' हा शब्द आवर्जून घातला आहे.

आणि ज्या फोनवर त्यांच्याशी हे बोलणं झालं, तो इतक्यात बदलू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ब्रीफ (कामाच्या सूचना), मेलवरचे मसुदे आणि त्यांच्या तारखा कोर्टात द्यायच्या झाल्या तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागेल. मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. आपोआप मिटणारे मेसेज ही सोय चालू असेल तर आधी ती बंद करा.